साहेबापेक्षा शिपायाला हार्ट अटॅक जास्त का येतो?

हृदयविकार हा साहेब लोकांचा आजार, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. मोठी खुर्ची, डोक्यावर जबाबदाऱ्या, दिवसभर मीटिंगा, रात्री उशिरा जेवण आणि मग एके दिवशी छातीत कळ. शिपायाला कसलं आलंय टेन्शन, ऑफिस सुटलं की घरी! साठच्या दशकात इंग्लंडमध्येही साधारण असंच मानलं जायचं, आणि मानणाऱ्यांत डॉक्टरही होते. ही समजूत खोटी ठरवणारा अभ्यास लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत झाला. त्यातले आकडे हाती घेऊन एक डॉक्टर जवळपास पन्नास वर्षं सरकारांशी, जागतिक संघटनांशी आणि आपल्याच व्यवसायातल्या लोकांशी वाद घालत आला आहे. सर मायकल मार्मट हे त्यांचं नाव. आरोग्यातल्या विषमतेविषयी आज जगभर जी भाषा बोलली जाते, तिच्यातला मोठा भाग त्यांच्या कामातून आला आहे.

मार्मट यांचा जन्म १९४५ मध्ये लंडनला झाला, पण ते वाढले आणि डॉक्टर झाले ऑस्ट्रेलियात, सिडनीला. तिथल्या रुग्णालयातला एक प्रसंग ते अनेकदा सांगतात. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात एक बाई आली होती. नवरा पुन्हा प्यायला लागलाय आणि मारतो, मुलगा पुन्हा तुरुंगात गेलाय, अल्पवयीन मुलगी गरोदर आहे, मला रोज रडू येतं, असं ती सांगत होती. वरिष्ठ डॉक्टरांनी ऐकून घेतलं, निळ्या गोळ्या बंद केल्या आणि लाल गोळ्या सुरू केल्या. पुढच्या महिन्यात या, एवढंच. तरुण मार्मटना पडलेला प्रश्न साधा होता. ज्या परिस्थितीने माणूस आजारी पडला, त्याच परिस्थितीत त्याला परत पाठवायचं असेल तर उपचार कसला केला? एका वरिष्ठाने त्यांचा कल ओळखला आणि सुचवलं, तू एपिडेमिऑलॉजीकडे जा.

हा शब्द कोविडमुळे आपल्या कानांवरून गेला आहे. दवाखान्यातला डॉक्टर विचारतो, या माणसाला हा आजार का झाला? एपिडेमिऑलॉजिस्ट विचारतो, या वस्तीत हा आजार त्या वस्तीपेक्षा जास्त का आहे? हे दोन प्रश्न वाटतात तितके जवळचे नाहीत. एकाच माणसाकडे पाहिलं तर दिसतं की तो सिगरेट ओढत होता. हजारो माणसांकडे एकदम पाहिलं तर दिसतं की सिगरेट ओढणारे एका विशिष्ट थरात जास्त आहेत, आणि मग विचारावं लागतं की असं का.

मार्मट अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गेले. तिथे लेनर्ड साइम या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी जपानी स्थलांतरितांवर काम केलं. त्या काळी जपानमध्ये हृदयविकार कमी होता आणि अमेरिकेत भरपूर. जपानमधले, हवाईत स्थायिक झालेले आणि कॅलिफोर्नियात गेलेले जपानी पुरुष अशी तुलना केली, तर जपानपासून जितकं दूर, तितका हृदयविकार जास्त. माणसं एकाच वंशाची, त्यामुळे सगळा दोष जनुकांवर ढकलता येत नव्हता. मग आहार? काही अंशी. पण मार्मट आणि साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या ३,८०९ जपानी-अमेरिकन पुरुषांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा दिसलं की ज्यांनी आपले पारंपरिक नातेसंबंध, आपला समाज धरून ठेवला होता, त्यांच्यात हृदयविकार जपानइतकाच कमी होता. जे पूर्ण अमेरिकन झाले होते त्यांच्यात तो तीन ते पाच पट. आहार, धूम्रपान, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी फरक उरतच होता.

याच कामाची दुसरी बाजू आपल्याशी थेट जोडलेली आहे, म्हणून इथेच सांगतो. पुढे लंडनला गेल्यावर मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेल्या लोकांच्या मृत्यूंची आकडेवारी तपासली. त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू स्थानिकांपेक्षा जास्त निघाले. १९९१ मध्ये पॉल मकीग यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासात कारणाचा एक धागा सापडला : पोटाभोवती साठणारी चरबी, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आणि मधुमेहाचं मोठं प्रमाण. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं सुटलेलं, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण. आज कोणताही डॉक्टर आपल्या कमरेचा घेर मोजायला सांगतो, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास येतो.

१९७६ मध्ये मार्मट लंडनला परतले आणि त्यांच्या हाती व्हाइटहॉलचा अभ्यास आला.

व्हाइटहॉल हा लंडनचा रस्ता, पण त्याचा अर्थ आपल्या 'मंत्रालय' या शब्दासारखा : सरकारी यंत्रणेचं मुख्य ठाणं. तिथल्या अठरा हजारांच्या आसपास पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी डोनाल्ड रीड आणि जेफ्री रोझ या दोन शास्त्रज्ञांनी १९६७ पासून केली होती. वय ४० ते ६४. वजन, उंची, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगरेट, सगळं नोंदलं. मग प्रत्येकाच्या नावावर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मध्यवर्ती नोंदवहीत खूण करून ठेवली. माणूस कधीही, कुठेही वारला तरी मृत्यूच्या दाखल्याची माहिती संशोधकांपर्यंत पोहोचायची. (आपल्याकडे असा अभ्यास करायला बसलं तर पहिली अडचण इथेच येईल. २०२० मध्ये भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं.)

सरकारी नोकरीतली वर्गवारी मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. वर्ग एक, वर्ग दोन, वर्ग तीन, वर्ग चार आपल्याला पाठ आहेत. व्हाइटहॉलमध्येही असेच चार थर होते : सर्वांत वर धोरण ठरवणारे प्रशासक, मग कार्यकारी अधिकारी आणि तज्ज्ञ, मग कारकून, आणि तळाला निरोप्ये व तत्सम कर्मचारी. १९७८ मध्ये मार्मट, रोझ आणि सहकाऱ्यांनी साडेसात वर्षांतल्या मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध केला. तळाच्या थरात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या थराच्या ३.६ पट होतं.

'३.६ पट' याचा अर्थ नीट समजून घेऊ. शिपाई झाला म्हणजे हार्ट अटॅक येणारच, असं हा आकडा सांगत नाही. त्या वर्षांत बहुसंख्य शिपाई जिवंतच राहिले. सारख्याच वयाचे हजार साहेब आणि हजार शिपाई घेतले, तर साहेबांतले दहा गेले तेव्हा शिपायांतले छत्तीस गेले, अशा जातीचा हा हिशेब आहे. (दहा-छत्तीस हे फक्त उदाहरण.)

पण या आकड्यापेक्षा मधल्या पायऱ्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. दुसऱ्या थरातले अधिकारी काही गरीब नव्हते. चांगला पगार, स्वतःचं घर, पेन्शन. तरीही त्यांच्यात मृत्यू पहिल्या थरापेक्षा जास्त होते. कारकुनांत त्याहून जास्त, आणि तळाला सर्वांत जास्त. म्हणजे एका बाजूला आजारी गरीब आणि दुसऱ्या बाजूला निरोगी बाकीचे, असं चित्र नव्हतंच. वरून खाली पायरीपायरीने तब्येत ढासळत जात होती. याला आरोग्याची सामाजिक उतरंड म्हणतात, आणि मार्मट यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या उतरंडीत आहे.

शंका येणं स्वाभाविक आहे. खालचे लोक सिगरेट जास्त ओढत असतील? होय, ओढत होते. वजन जास्त, रक्तदाब जास्त, साखर जास्त, व्यायाम कमी, हेही खरं. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत मात्र उलटं होतं, ते वरच्या साहेबांचंच जास्त निघालं! संशोधकांनी या सगळ्या गोष्टींचा परिणाम गणिताने बाजूला काढला. उतरंड थोडी सपाट झाली, पण निम्म्याहून अधिक तशीच उभी राहिली. आयुष्यात कधी सिगरेटला हात न लावलेल्यांमध्येही ती दिसत होती.

मग दवाखाना परवडत नसेल? ब्रिटनमध्ये १९४८ पासून उपचार सर्वांना मोफत आहेत. कामाच्या जागी विषारी रसायनं, धूळ, खाणी? हे सगळे कचेरीत बसणारे. बेकारी? सगळे सरकारी नोकरीत कायम. संशयितांची यादी अशी एकेक करून संपत गेली. आर्थिक तंगीतून येणारी कारणं जिथे सर्वांत कमी असायला हवीत अशा जागी उतरंड इतकी ठळक असेल, तर उरलेल्या समाजात ती किती असेल, ही भीती त्यामागे होतीच.

एक नोंद मात्र जाता जाता भूतकाळाकडे बोट दाखवत होती. खालच्या थरातल्या माणसांची उंची सरासरीने कमी होती. उंची ठरते ती बालपणी. पोषण आणि आजारपण यांची ती नोंदवहीच. म्हणजे या पुरुषांच्या आरोग्यात फरक पडायला सुरुवात ते नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी झालेली होती. हा मुद्दा पुढे वादात परत येतो.

कामावर ताबा कोणाचा?

१९८५ मध्ये मार्मट यांनी व्हाइटहॉलचा दुसरा अभ्यास सुरू केला. या वेळी १०,३०८ कर्मचारी, त्यांत ३,४१३ स्त्रिया. वय ३५ ते ५५. पहिल्या अभ्यासाने 'किती' सांगितलं होतं, दुसऱ्याने 'का' शोधायचं होतं. हा अभ्यास पुढे अनेक दशकं चालू राहिला. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासलं गेलं, त्यामुळे आजार होण्याआधी त्यांचं आयुष्य कसं होतं हे नोंदलेलं होतं. आजारी पडल्यावर आठवून सांगितलेल्या गोष्टींपेक्षा अशी नोंद कितीतरी जास्त विश्वासार्ह.

साहेबाला ताण जास्त, ही समजूत इथे उलगडली. ताणाचे दोन घटक वेगळे करावे लागतात. एक म्हणजे कामाचा बोजा. दुसरा म्हणजे ते काम कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवण्याची मुभा. साहेबावर बोजा प्रचंड असतो, पण मीटिंग कधी घ्यायची, कोणती फाइल आधी बघायची, कोणतं काम दुसऱ्याकडे सोपवायचं हे तोच ठरवतो. खालच्या माणसाला बोजा असतोच, पण ठरवायची मुभा नसते. घंटी वाजली की उठायचं. आज इथे, उद्या दुसऱ्या टेबलावर. रजा मिळेल की नाही तेही दुसऱ्याच्या मर्जीवर. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त होत होता, आणि वरच्या-खालच्या थरांतला फरक समजावणाऱ्या घटकांमध्ये सर्वांत मोठा वाटा या ताब्याचाच होता.

हे शरीरात कसं घडतं? संकट आलं की शरीर ॲड्रिनलीन आणि कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं सोडतं. नाडी वाढते, रक्तात साखर येते, रक्त गोठायची तयारी करतं. कुत्रा मागे लागला तर ही व्यवस्था जीव वाचवते. पण वरिष्ठाची बोलणी, थकलेला हप्ता आणि उद्याची अनिश्चितता या गोष्टी पाच मिनिटांत संपत नाहीत. व्यवस्था महिनोन्महिने चालू राहिली की तीच शरीराला झिजवते. व्हाइटहॉलच्या दुसऱ्या अभ्यासात खालच्या थरांमध्ये पोटाची चरबी, बिघडलेली साखर आणि रक्तदाब यांचं एकत्र गाठोडं जास्त दिसलं. रक्त गोठण्याशी संबंधित फायब्रिनोजेन हे प्रथिनही जास्त होतं.

अभ्यास चालू असतानाच एक प्रयोग आयता घडला. इमारतींची देखभाल करणाऱ्या एका सरकारी खात्याचं खाजगीकरण जाहीर झालं. तिथले कर्मचारी आधीपासून अभ्यासात होतेच. नोकरी अजून गेलेली नव्हती, फक्त जाणार अशी हवा होती, तेवढ्यानेच त्यांची तब्येत इतर खात्यांतल्या लोकांच्या तुलनेत घसरली. कंत्राटावर काम करणाऱ्या कोणालाही हे वाचून नवल वाटणार नाही.

या कामावर आक्षेप घेणारेही आहेत, आणि ते लेचेपेचे नाहीत. ॲन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन या अर्थतज्ज्ञांनी व्हाइटहॉलचीच आकडेवारी घेऊन २०११ मध्ये उलटा युक्तिवाद मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बालपणी ज्यांची तब्येत आणि परिस्थिती चांगली होती, तेच वरच्या पदांवर पोहोचले. पद खालचं म्हणून तब्येत बिघडली असं दिसत नाही. बालपणाने पदही ठरवलं आणि तब्येतही. उंचीची ती नोंद इथे आठवावी. मार्मट बालपणाचं महत्त्व नाकारत नाहीत, त्यांच्या शिफारशींत ते पहिल्या क्रमांकावर आहे. पण मोठेपणीचं कामही माणसाला घडवतं-बिघडवतं, यावर ते ठाम आहेत. मला स्वतःला बालपणाचा पुरावा जास्त भक्कम वाटतो. मात्र त्यामुळे विषमतेचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त आणखी तीस वर्षं मागे जातो.

मोजणारा माणूस राजकारणाच्या दारात

इथवरचं काम विद्यापीठातलं होतं. पण मृत्यूची उतरंड मोजल्यावर पुढचा प्रश्न टळत नाही : ही बदलता येते का? काही फरक टाळता येत नाहीत. ऐंशी वर्षांच्या माणसाला विशीतल्यापेक्षा आजार जास्त असणार. जे फरक योग्य उपायांनी टाळता आले असते आणि तरी टाळले गेले नाहीत, ते अन्यायाचे. आरोग्यसमता म्हणजे असे टाळता येणारे फरक नाहीसे करणं. सगळ्यांची तब्येत सारखी करण्याचा खुळा हट्ट त्यात नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न विचारणं किती अवघड होतं ते एका जुन्या अहवालावरून कळतं. मजूर पक्षाच्या सरकारने सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य विषमतेवर समिती नेमली होती. अहवाल तयार होईपर्यंत विरोधी हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या होत्या. १९८० च्या ऑगस्टमध्ये, जोडून सुट्टी असलेल्या वीकएंडला, फक्त २६० प्रती काढून तो 'प्रसिद्ध' करण्यात आला. सरकारी कागद कसा गाडायचा याचं तंत्र सगळीकडे सारखंच दिसतं. गंमत अशी की गाडल्यामुळेच त्याची चर्चा जास्त झाली.

मार्मट यांची वेळ आली ती पुढे. १९९८ मध्ये सर डोनाल्ड ॲचिसन यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी चौकशीत ते शास्त्रीय सल्लागारांपैकी एक होते. २००० मध्ये त्यांना नाइटहुड मिळाला. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या सामाजिक कारणांवर आयोग नेमला आणि मार्मट त्याचे अध्यक्ष झाले. आयोगात चिलीचे माजी अध्यक्ष रिकार्डो लागोस होते, अमर्त्य सेन होते आणि अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेच्या मिराई चटर्जीही होत्या. भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायकांची ही संघटना. त्यांना बँक, विमा, पाळणाघर मिळालं की तब्येतीत काय फरक पडतो, हे 'सेवा' आधीपासून करून दाखवत होती. मार्मट आजही भाषणांत तिचा दाखला देतात.

२००८ मध्ये आलेल्या या आयोगाच्या अहवालातला एक आकडा जगभर गाजला. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या कॅल्टन भागात पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५४ वर्षं होतं. तिथून काही किलोमीटरवर असलेल्या लेन्झीत ८२. एकाच महानगराच्या परिसरात २८ वर्षांचा फरक. त्याच सुमारास भारतातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६२ होतं. सरासरी ५४ म्हणजे प्रत्येक माणूस चौपन्नाव्या वर्षी मरतो असं नव्हे. दारू, अमली पदार्थ, हिंसा, आत्महत्या यांनी बरेच तरुण जातात आणि सरासरी खाली येते. पण कॅल्टनमधल्या माणसाला नळाचं स्वच्छ पाणी होतं, मोफत डॉक्टर होता, आणि त्याचं उत्पन्न सरासरी भारतीयापेक्षा कितीतरी जास्त होतं. तरीही तो आठ वर्षं आधी जात होता.

हे कोडं सोडवताना सेन यांचा विचार उपयोगी पडतो. हातात किती पैसे आहेत यापेक्षा त्या पैशांत, त्या समाजात, तुम्हाला काय करता येतं हे पाहावं. श्रीमंत देशात कमी पैसे असलेला माणूस उपाशी मरत नाही, पण चार लोकांत मान ताठ ठेवून वावरणं, मुलांना सहलीला पाठवणं, पाहुण्याला घरी बोलावणं हे त्याच्या हातून निसटतं. मार्मट यांच्या 'ताब्या'चा अर्थ इथे कामाच्या टेबलापलीकडे जातो आणि पूर्ण आयुष्याला लागू होतो.

आपल्याकडे उतरंड किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांची उंची मोजली. सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातली ४६ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शातली? २३ टक्के. पहिला आकडा वाचून आपण हळहळतो. दुसरा आकडा वाचून मात्र दचकायला हवं, कारण त्या हिश्शात हा लेख वाचणाऱ्यांपैकी बरेच जण येतात.

सर्वांसाठी, पण गरजेप्रमाणे

२००८ च्या अखेरीस ब्रिटनच्या सरकारने मार्मटना सांगितलं की जागतिक अहवाल ठीक आहे, आता इंग्लंडसाठी काय करायचं ते सांगा. फेब्रुवारी २०१० मध्ये उत्तर आलं. श्रीमंत आणि गरीब वस्त्यांतल्या आयुर्मानात सरासरी ७ वर्षांचा फरक होता. अपंगत्वाशिवाय किती वर्षं जगता येतं हे पाहिलं तर फरक १७ वर्षांचा. म्हणजे गरीब वस्तीतला माणूस लवकर मरतो आणि त्या कमी आयुष्यातलाही मोठा भाग दुखण्यात काढतो. निवृत्तीचं वय वाढवू पाहणाऱ्या सरकारसाठी यात अडचणीचा प्रश्न होता : पेन्शन सुरू होईपर्यंत धडधाकट राहणारच नाहीत, त्या लोकांनी काय करायचं?

अहवालात सहा उद्दिष्टं होती. प्रत्येक मुलाची सुरुवात चांगली व्हावी. शिकून स्वतःच्या आयुष्यावर ताबा मिळवता यावा. काम न्याय्य आणि धड असावं. निरोगी जगायला पुरेल एवढं उत्पन्न असावं. राहण्याची जागा आणि परिसर चांगला असावा. आणि आजार होण्याआधीच रोखण्याला बळ मिळावं. रुग्णालयं, खाटा, डॉक्टरांची संख्या यांचा यात जवळजवळ उल्लेख नाही. उपचार महत्त्वाचे नाहीत असं मार्मट म्हणत नाहीत. आजाराची उतरंड दवाखान्याच्या दाराबाहेर तयार होते, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण माझ्या मते या अहवालातली सर्वांत कामाची कल्पना वेगळीच आहे : योजना सर्वांसाठी असावी, पण तिचा जोर गरजेच्या प्रमाणात कमी-जास्त असावा. हे समजायला आपलं रेशनकार्ड पुरेसं आहे. १९९७ मध्ये रेशन व्यवस्था दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी विभागली गेली. महाराष्ट्रात पिवळं, केशरी आणि पांढरं कार्ड आलं. रेषेच्या एक बोट वर असलेलं कुटुंब बाहेर पडलं, खोटे दाखले निघाले, आणि ज्यांचा आवाज मोठा ते पांढऱ्या कार्डात गेल्यामुळे दुकानात काय मिळतं याकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही. उतरंडीला रेष मारली की असंच होतं, कारण प्रत्यक्षात रेष नसतेच, पायऱ्या असतात. उलट टोकाला, सर्वांना अगदी सारखंच दिलं तर वरचे लोक त्याचा फायदा आधी आणि जास्त उचलतात, आणि दरी तशीच राहते. मार्मट यांचा मार्ग या दोन्हींच्या मधला. अंगणवाडी सगळीकडे हवी, पण ज्या पाड्यावर मुलं जास्त खुजी आहेत तिथे जास्त सेविका, जास्त पैसा, जास्त लक्ष.

सरकार दरम्यान बदललं. नव्या आघाडी सरकारने अहवालाचं स्वागत केलं आणि सहापैकी पाच उद्दिष्टं मान्य केली. राहिलेलं एक कोणतं असेल हे ओळखायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही : निरोगी जगण्यापुरत्या उत्पन्नाचं.

पुढे दहा वर्षं काटकसरीचं धोरण चाललं. फेब्रुवारी २०२० मध्ये मार्मटनी पुन्हा मोजमाप केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून इंग्लंडमधलं आयुर्मान साधारण दर चार वर्षांनी एक वर्ष या गतीने वाढत आलं होतं. २०११ पासून ही वाढ जवळपास थांबली. सर्वांत वंचित दहा टक्के भागांतल्या स्त्रियांचं आयुर्मान तर चक्क घटलं. शांततेच्या काळात, श्रीमंत देशात हे सहसा घडत नाही. स्थानिक संस्थांचा माणशी खर्च सर्वांत कमी वंचित भागांत १६ टक्के कापला गेला होता आणि सर्वांत वंचित भागांत ३१ टक्के. गरजेच्या प्रमाणात द्या, असं सांगितलेलं. गरजेच्या प्रमाणात काढून घेतलं गेलं. कपातीमुळेच आयुर्मानाची वाढ थांबली असं निर्विवाद सिद्ध करणं अवघड आहे, कारण एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलत होत्या. पण क्रम आणि नकाशा दोन्ही जुळतात. अहवाल आला आणि काही आठवड्यांतच कोविडने तीच उतरंड पुन्हा काढून दाखवली. बसचालक, सुरक्षारक्षक आणि वृद्धाश्रमातले सेवक यांच्यात मृत्यू जास्त झाले. घरून काम करू शकणाऱ्यांत कमी.

मार्मट यांच्यावर डावीकडून होणारी टीका अशी की ते सत्तेचं नाव घेत नाहीत. विषमता कोणाच्या फायद्याची आहे, हे न विचारता ते सभ्य शिफारशी करत राहतात. उजवीकडची टीका अशी की आरोग्याच्या नावाखाली ते संपत्तीचं फेरवाटपच सुचवतात. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत असं मला वाटतं. ते स्वतःला पुराव्यावर उभा असलेला आशावादी म्हणवतात आणि जो सत्तेवर असेल त्याच्यासमोर तेच तक्ते घेऊन जातात. ही त्यांची मर्यादा आहे, आणि इतकी वर्षं सगळ्या पक्षांच्या दारात प्रवेश मिळण्याचं कारणही तेच असावं.

केंद्र सरकार ऐकत नाही म्हटल्यावर शहरांकडे वळणं हा त्यातूनच निघालेला मार्ग. २०१३ पासून इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे आली. त्याच वर्षी कॉव्हेंट्री या जुन्या मोटार-उद्योगाच्या शहराने आपण 'मार्मट शहर' होत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे नगरपालिकेचं प्रत्येक खातं, घरबांधणी असो की शाळा की रोजगार, आपल्या निर्णयाने उतरंड वाढेल की कमी होईल हे तपासणार. नंतर मँचेस्टरचा परिसर आला, आणि आता इंग्लंड-वेल्समधल्या चाळीसहून अधिक स्थानिक संस्था या वाटेवर आहेत. नगरपालिकेला आयकराचे दर किंवा किमान वेतन ठरवता येत नाही, त्यामुळे यातून फार मोठी अपेक्षा ठेवू नये. पण पाळणाघर कुठे चालू ठेवायचं आणि कुठल्या घरांची ओल आधी काढायची, हे तिला नक्की ठरवता येतं.

अलीकडे त्यांनी खाजगी उद्योगांकडेही मोर्चा वळवला आहे. एका मोठ्या विमा आणि गुंतवणूक कंपनीच्या आर्थिक साहाय्याने त्यांच्या लंडनमधल्या संस्थेने २०२२ मध्ये उद्योगांनी आरोग्यसमतेसाठी काय करावं यावर अहवाल काढला. मला हे पहिल्यांदा खटकलं. विषमतेवर बोलणाऱ्याने वित्तसंस्थेचे पैसे घ्यावेत का, हा प्रश्न अजूनही रास्त वाटतो. पण पगार किती द्यायचा आणि कामाचं वेळापत्रक कोण ठरवणार, हे व्हाइटहॉलमध्ये सरकार ठरवत होतं कारण तिथे मालक सरकार होतं. बाकीच्या कामगारांसाठी हे दोन्ही निर्णय मालकाच्याच टेबलावर होतात.